पाणदरवाज्याचा बडग्या

चिन्मयी घाटे अडकली ती श्रावणातल्या एका रविवारी, नागपूरच्या महाल भागातल्या पाणदरवाज्यापाशी, दोन बॅरिकेडांच्या मधल्या फटीत. धड आत नाही, धड बाहेर नाही. पाठीवरची सॅक वरच्या तारेला, एक चप्पल चिखलात, आणि डोक्यावर झिमझिम पाऊस. नागपूरचा पाऊस खरं तर असा रेंगाळणारा नव्हे, आला की बदाबदा कोसळून मोकळा होतो. पण त्या दिवशी त्यालाही गंमत पाहायची असावी.

"हलू नका जी!" मागून आवाज आला. "हलल्या का बॅग गेली समजा."

ती हलली नाही. पाठीमागे कोणीतरी तार वाकवली, सॅक सुटली, आणि ती एका पायावर लंगडत वळली. समोर एक उंच, सावळा तरुण उभा होता. हात कोपरापर्यंत खळीने माखलेले, कानावर पेन्सिल, खांद्यावर टेप. आणि चेहऱ्यावर असा भाव, की हसतोय की हसू दाबतोय ते कळू नये.

"थँक्यू," ती पुटपुटली.

"थँक्यू मंग म्हणजा. आधी हे टोक धरा." त्याने टेपची कडी तिच्या बोटांत दिली. "मघापासून एकटाच मोजून राहिलो. घडीघडी सुटते."

तिने टोक धरलं. हाताची सवय काही लपत नसते… कडी पत्र्याच्या कडेला नीट बसवली, अंगठ्याने दाबली, टेपला झोळ पडू नये म्हणून मनगट किंचित उचललं. पलीकडून तो ओरडला, "सात फूट दोन!"

"म्हणजे दोन मीटर अठरा," ती बोलून गेली.

तो टेप तसाच ताणून तिच्याकडे बघत राहिला. "इंजिनेर आहा का तुम्ही?"

"नाही!" इतक्या जोरात नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. "मी… गणित शिकवते. कोराडीला."

यातलं कोराडी खरं होतं. वीज केंद्राच्या कॉलनीत ती लहानाची मोठी झाली. खिडकीच्या गजांवरची राख पुसता पुसता तिच्या आईचा जन्म गेला. गणित मात्र साफ खोटं. आणि एकदा जीभ घसरली की माणूस ती सावरत नाही, तिच्यावर आणखी चार गोष्टी रचतो. तिनेही घाईघाईने विषय बदलला.

"पण तुम्ही बॅरिकेड कशाला मोजताय?"

"बडग्या बनवून राहिलो." त्याने टेप गुंडाळला. "ह्या बॅरिकेडचा."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन प्रचंड कागदी बाया, आणि त्यांच्यामागे बांबू-तणसाचे, कागद चिकटवलेले पुतळे, म्हणजे बडगे. वर्षभरात ज्याने ज्याने गावाला छळलं, मग ती महागाई असो, डास असो की पुढारी असो, त्याचा बडग्या करायचा, "घेऊन जा गे मारबत" असं ओरडत गावभर मिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. नागपूरकर वर्षभर सोसतो ते या एका दिवसाच्या भरवशावर.

"यंदा आमच्या मंडळाचा बडग्या म्हणजे ज्यानं हे पत्रे लावले तो साहेब," तो सांगत होता. "आता तो कोण, काही पत्ता नाही. आदेशाचा कागद चिकटवला होता इथं. त्याच्यावरची सही का वाचता येते! कोंबडी चालून गेल्यावानी."

चिन्मयीला आपल्या सहीचा फार अभिमान होता.

"मी ऋषी," तो म्हणाला. "इतवारीत पाट्या रंगवतो. तुम्ही?"

"चिन्मयी." आडनाव तिने गिळलं.

आता खरं काय ते ऐका. चिन्मयी एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ अभियंता होती. कार्यालयाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर उद्या माझ्याच दारात पत्रे उभे राहतील. दीड वर्षापूर्वी बाहेरदेशीचं एक शिष्टमंडळ जुनं नागपूर बघायला येणार अशी आवई उठली. भोसल्यांच्या काळातला पाणदरवाजा त्यांना दाखवायचा, पण त्याच्या भोवतालचे उकिरडे, उघड्या नाल्या आणि लोंबत्या वायरी दाखवायच्या नाहीत, असं ठरलं. मग काय करायचं? तर बॅरिकेडं लावायची. नव्यानेच रुजू झालेल्या चिन्मयीच्या हातात तिची पहिली स्वतंत्र फाईल आली. तिने मन लावून नकाशा काढला. नकाशात पाणदरवाजा म्हणजे एक छोटासा चौकोन होता.

आदेशाच्या मसुद्यात कधीपासून कधीपर्यंत ते लिहायचं होतं. 'पासून'ची तारीख होती. 'पर्यंत'ची नव्हती, कारण पाहुण्यांचा दौरा रोज पुढे सरकत होता. आपली पहिलीच तारीख चुकली तर… या भीतीने तिने लिहिलं, 'पुढील आदेशापर्यंत'. अधीक्षक प्रेमिला मेश्राम, तीस वर्षं फायलींत गेलेली बाई, तिने तेव्हाच बजावलं होतं. "बाई, तारीख टाक. चुकली तर बदलवू. पण टाक." चिन्मयीने टाकली नाही.

पाहुणे आले. आयत्या वेळी त्यांची गाडी दुसऱ्याच रस्त्याने विमानतळाकडे गेली. साहेबांची बदली झाली. पुढचा आदेश काढणं हे कोणाचंच काम नव्हतं, म्हणून तो निघाला नाही. दहा दिवसांची बॅरिकेडं दीड वर्षं उभी राहिली. त्यांना गंज चढला, त्यांच्यावर शिकवणी वर्गांचे कागद चिकटले, पिचकाऱ्या उडाल्या, आणि या सगळ्यावर एक निळी पाटी, 'असुविधेबद्दल क्षमस्व'. चिन्मयीने काय केलं? तिने बसचा रस्ता बदलला. पाणदरवाजा दिसू नये म्हणून दीड वर्षं ती वळसा घालून घरी जात होती.

मग परवाच्या शुक्रवारी प्रेमिलाबाईंनी ती जुनी फाईल तिच्या टेबलावर आपटली. "तुझं लेकरू दीड वर्षाचं झालं गं. एकदा पाहून तरी ये."

म्हणून ती आली होती. बघायला आली, आणि स्वतःच्याच बॅरिकेडात अडकली.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर ती पुन्हा तिकडे गेली. फक्त एकदा, असं स्वतःला बजावून. मंगळवारी गेली तेव्हा बजावायचंही राहून गेलं.

मंडळाचं टिनाचं शेड दरवाज्याच्या जवळच होतं. ऋषीच्या हाताखालून बांबूच्या कामट्यांचा भला मोठा सांगाडा उभा राहत होता. चिन्मयी रद्दीचे कागद फाडायची, खळीत बुडवून द्यायची, सुतळीच्या गाठी मारायची.

"तुमच्या शाळेतलं गणित लय लवकर संपते जी," ऋषी वर न बघता म्हणाला.

"गणिताचं काय, उत्तर आलं की संपलं."

"आमच्या टायमाले तर उत्तर येतच नव्हतं."

"मग काय करायचात?"

"बाजूच्या पोट्टीच्या वहीत पाहत होतो." आता त्याने वर पाहिलं. "ती लपवायची. तुमच्यावानीच, हात असा आडवा धरून."

चिन्मयीने हात मागे घेतला आणि त्याच्या नादात खळीचं भांडं लवंडलं. दोघंही ते पुसायला वाकले, डोकी आपटली… "लागलं का?" "नाही… तुम्हाला?" "लागलं," तो गंभीरपणे म्हणाला. "पण तुम्ही थांबणार असान तर आणखी लागू द्या."

हे असं सगळं गोड चाललं होतं, आणि मधेच तो विचारायचा, "बरं, साहेबाचं पोट किती ठेवू?"

"मोठं," ती म्हणायची.

"चष्मा?"

"असू दे. जाड भिंगाचा. तरी दिसत नसेल त्याला."

"तुमचा त्याच्यावर बहुत राग आहे. काहून? तुमचं का बिघडवलं त्यानं?"

ती कागद फाडत राहायची. तिचा राग खराच होता, फक्त तो ज्याच्यावर होता ते माणूस समोर बसून कागद फाडतंय, हे ऋषीला माहीत नव्हतं. एका संध्याकाळी त्याला घोषणा सुचेना. तिने दोन मिनिटांत जुळवून दिली: 'पत्रे लावून विसरला, साहेब खुर्चीत घसरला, घेऊन जा गे मारबत!' ऋषी इतका खळखळून हसला की बाहेर मिरच्या निवडत बसलेल्या म्हाताऱ्या मिरचीवाल्या यमुताईंनी डोकं आत घातलं. त्या रात्री कोराडीच्या बसमध्ये चिन्मयी खिडकीकडे तोंड करून बसली आणि स्टॉप आला तरी तिने मान वळवली नाही. आपल्याच तोंडाने आपल्याला शिव्या घालायच्या आणि वर त्याचं कौतुक करून घ्यायचं, यापेक्षा लाजिरवाणं काही असेल असं तिला वाटेना.

सांगून टाकावं, असं ती रोज ठरवायची. आणि रोज तो असं काहीतरी बोलायचा, की आजचा दिवस जाऊ दे, असं वाटायचं.

मग ती उघडीप पडलेली संध्याकाळ आली.

"इकडं या," ऋषीने तिला बॅरिकेडापाशी नेलं. पत्र्यात खिळ्याएवढं एक भोक होतं. "डोळा लावा. घाई नका करू."

तिने डोळा लावला. आधी नुसता अंधार, मग ओला दगड, मग कमान. कमानीखाली दोन्ही बाजूंना ओटे, झिजून गुळगुळीत झालेले. आणि कमानीच्या माथ्यावर एक कमळ. आठ पाकळ्यांचं, त्यातली एक पाकळी अर्धी उडालेली. उतरत्या उन्हाची तिरीप नेमकी त्याच्यावर पडली होती. दीड वर्षापूर्वी तिने या जागेचा नकाशा काढला होता. हे कमळ तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

"दिसलं?" त्याचा आवाज अगदी कानाशी होता.

"हो…"

"माझे बाबा मले इथं घेऊन बसत. गोपाळराव पेंटर म्हणा, अख्खा महाल ओळखत होता. गोल अक्षर काढायले शिकवलं ते ह्याच पाकळ्या गिरवून. ह्या ओट्यावर, खडूनं." त्याने पत्र्यावर हात टेकवला. "गेल्या उन्हाळ्यात गेले ते. शेवटी शेवटी घरात जीव रमत नव्हता त्यायचा. रोज म्हणत, ऋष्या, मले दरवाज्यापाशी नेऊन बसव गा. एकदा खुर्चीवर बसवून आणलंबी. इथं, ह्या पत्र्यापाशी. म्हणाले, हे का आहे बे? चाल परत."

चिन्मयीने डोळा काढला नाही. काढला असता तर त्याला दिसलं असतं.

"काय झालं?"

"काही नाही… गंज गेला डोळ्यात."

त्याने खिशातून रुमाल काढला, त्याचं कोरडं टोक शोधलं, आणि तिच्या हातात दिलं. स्वतः पुसलं नाही. नुसता शेजारी उभा राहिला, तिच्यावर ऊन येत होतं ते अडवून. त्याच क्षणी चिन्मयीला कळून चुकलं, की या माणसावर आपला जीव जडला आहे. आणि हेही कळलं, की ज्या दिवशी याला खरं कळेल त्या दिवशी हा आपलं तोंड पाहणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात नव्या साहेबांपुढे उभी राहिली. "सर, पाणदरवाज्याची बॅरिकेडं काढायला हवीत."

"काढा ना," साहेब चहा पीत म्हणाले. "पण फाईल पाहिली मी. आधी कोणाला तरी लिहावं लागेल, की आदेशात तारीख टाकायची राहिली. कोणाची चूक, ते नावानिशी. तुमचा परिविक्षा काळ अजून संपायचाय ना? मग कशाला उगाच. राहू द्या."

परिविक्षा म्हणजे नोकरी अजून कायम झालेली नाही, एवढाच अर्थ. पण कोराडीच्या घरात त्या एका शब्दावर आईबाप दोघं श्वास रोखून बसले होते. चिन्मयी "बरं सर" म्हणून बाहेर आली. त्या "बरं सर"ची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

पोळा दोन दिवसांवर आला तेव्हा पावसाने पुन्हा जोर धरला. चिन्मयी शेडकडे निघाली होती, तर नालीच्या कडेला यमुताई मिरच्यांवर प्लॅस्टिक ओढताना दिसल्या. सत्तरीची बाई, भिवापूरहून मिरची आणून विकणारी. एका हातात छत्री, दुसऱ्याने प्लॅस्टिक धरायची धडपड. चिन्मयी धावली, तिने दुसरं टोक धरलं.

"अर्धी भिजली, माय," यमुताई म्हणाल्या. "वल्ली मिरची काळी पडते. आधी ओट्यावर बसत होती मी, कमानीखाली. तीस वर्सं. पाण्याचा थेंब लागत नव्हता."

"काकू, मला…" चिन्मयीने प्लॅस्टिकची कड घट्ट धरली.

"सांग."

"काही नाही."

यमुताईंनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "दहाच दिवस, काकू. असंच म्हणाली होती ना तू?"

चिन्मयीच्या हातातून प्लॅस्टिक सुटलं.

"पांढरी इंजिनेरवाली टोपी होती डोक्यावर. हातात कागदाची गुंडाळी. मी म्हणलं, पोरी, मी कुठं बसू? तू म्हणाली, दहाच दिवस काकू, मग तुम्ही आहात आणि तुमचा ओटा. मले तर तू आली त्या रविवारीच वळखू आली."

"मग तुम्ही… ऋषीला का नाही सांगितलं?"

"मी काहून सांगू वं?" यमुताईंनी सुटलेलं टोक स्वतःच विटेखाली दाबलं. "तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिली."

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. चिन्मयी भर पावसात उभी राहिली. छत्री हातात होती, उघडायचं भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नोटशीट घेतली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सदर आदेशात समाप्तीचा दिनांक नमूद करण्याचे माझ्याकडून राहिले. चूक माझी आहे. बॅरिकेड तात्काळ काढण्यास मान्यता द्यावी.' खाली सही केली, आणि सहीखाली तारीख टाकून पूर्ण नाव लिहिलं, वाचता येईल असं. प्रेमिलाबाईंनी ते दोनदा वाचलं.

"खुलासा मागतील तुले. परिविक्षा वाढवतील."

"वाढवू द्या."

"मग आवक रजिस्टरमधी नंबर टाकते." बाईंनी चष्मा पुसला. "उशिरा का होईना, तारीख तर टाकली."

पण खरी परीक्षा कागदावरची नव्हतीच.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी शेडमध्ये ऋषी एकटाच होता. मंडळाची पोरं बैल बघायला गेली होती. बडग्या तयार होता: गरगरीत पोट, लाल टाय, दोन्ही हातांत सात फूट दोन इंचाची बॅरिकेडं. तोंड तेवढं बाकी होतं, पांढरा कोरा गोळा.

"या, या!" ऋषीने ब्रश तिच्यापुढे धरला. "साहेबाची मिशी तुम्ही काढा. तुमचा मान आहे तो."

"मिशी नको."

"काहून? बिनमिशीचा साहेब…"

"साहेब नाहीच तो. ती…" तिने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. "मी आहे, ऋषी."

तो हसला. त्याला ती थट्टाच वाटली. मग त्याने तिचा चेहरा पाहिला, आणि हसू ओठांवरच राहिलं.

तिने सगळं सांगितलं. नकाशातला चौकोन सांगितला, न टाकलेली तारीख सांगितली, बदललेला बसचा रस्ता सांगितला, यमुताईंना दिलेले दहा दिवस सांगितले. गणित खोटं होतं हेही सांगितलं. मधे एकदाही रडली नाही. आपण रडलो तर त्याला आपली कीव करावी लागेल, आणि तो हक्क आपल्याला नाही, एवढं तिला कळत होतं.

ऋषीने पुढे धरलेला ब्रश मागे घेतला.

"कमळ दाखवलं त्या दिवशी," तो म्हणाला, "तवाबी माहीत होतं तुमाले."

"हो."

"मी बाबाची गोष्ट सांगून राहिलो होतो. आन् तुम्ही म्हणल्या, गंज गेला."

"हो."

"वीस दिवस, चिन्मयी." त्याने पहिल्यांदाच तिला नुसत्या नावाने हाक मारली, आणि ती अशी. "वीस दिवस मले येडा बनवून राहिल्या तुम्ही."

"माझा चेहरा काढा," ती म्हणाली. "त्याच्यावर. खरंच काढा. तो माझाच बडग्या आहे."

त्याने ब्रश पाण्यात बुडवला, बाहेर काढला, पुन्हा बुडवला. "जा तुम्ही. उद्या मारबत आहे. काम बाकी आहे माझं."

सकाळी ती जायचं नाही असं ठरवून उठली, आणि दहाच्या बसने गेली. आपला चेहरा जळताना बघावा असं कोणाला वाटेल? पण तोंड लपवून घरी बसायचं, हे तिने दीड वर्षं केलंच होतं.

महालात पाय ठेवायला जागा नव्हती. गच्च्या भरलेल्या, खिडक्या भरलेल्या, झाडांवर पोरं. ढोलांचा असा गजर की छातीत घुमावं. पिवळी मारबत पुढे गेली, आणि मागोमाग एकेक बडगे येऊ लागले. लोक नाव घेऊन घेऊन शिव्या देत होते, हसत होते. चिन्मयी एका पानठेल्याला टेकून उभी होती.

आणि पाणदरवाज्याचा बडग्या आला.

ठेल्यावर गरगरीत पोट, लाल टाय, बॅरिकेडं, छातीवर तिची घोषणा. आणि वर चेहरा… नव्हताच. कागदाचा तोच कोरा, पांढरा गोळा.

"कोण आहे बे हा?" एकजण ओरडला.

"ऋषीभाऊ, रंग सरला का गा?"

"तोंड कुठं आहे साहेबाचं? घाबरला का बे?"

हशा उसळला. चार वर्षं ज्याचा बडग्या बघायला लोक थांबायचे, तो ऋषी खाली मान घालून ठेला ढकलत होता. त्याला कोणी टोचलं तरी उत्तर देत नव्हता. मंडळाची पोरंही त्याच्यावर चिडलेली दिसत होती. एक नाव घेतलं असतं तर सगळं मिटलं असतं. तो घेत नव्हता.

चिन्मयीला अजूनही निघून जाता आलं असतं. त्या लाखाच्या गर्दीत तिला ओळखणारं कोण होतं? तिने ओढणी कमरेला खोचली, धक्के खात, पाय तुडवत ती ठेल्यापाशी पोचली, आणि कडेच्या फळीवर चढली.

"मी आहे!" ती ओरडली. ढोलात ते कोणालाच ऐकू गेलं नाही. "अहो, मी आहे! पाणदरवाज्याचे बॅरिकेड मी लावले! चिन्मयी घाटे! तारीख टाकायची मीच विसरले!"

ढोलवाला थांबला. जवळची शंभरेक माणसं चकित होऊन बघत राहिली. आजवर बडग्या स्वतः चालत आलेला कोणी पाहिला नव्हता. मग गर्दीतून एका बाईचा खणखणीत आवाज आला. "मंग काढ ना वं बाई!"

"काढते! परवाच लिहून दिलंय!"

"लिहून दिलं म्हणते!" आणि असा हशा पिकला की पानठेल्यावरची कबुतरं उडाली. लोकांनी घोषणा उचलली, तीही लगेच दुरुस्त करून, "पत्रे लावून विसरली, मॅडम खुर्चीत घसरली!" कोणीतरी मुठीने मुरमुरे फेकले, कोणी शिट्टी वाजवली. चिन्मयीचे कान पेटले होते, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ती खाली उतरली नाही. लोक पोटभर हसले, आणि मागून डासांचा बडग्या आला तसे तिकडे वळले. नागपूरकरांचा राग फार वेळ एका जागी टिकत नाही.

मग ती उतरली. ऋषी ठेल्याच्या दांड्याला धरून तिथेच उभा होता.

"कायले चढल्या वर?" तो म्हणाला. "मी कोणाले सांगणार नव्हतो."

"माझं तोंड काढा म्हणाले होते ना मी?"

"काढलं होतं. दोनदा काढलं." त्याचे डोळे रात्रभर जागलेले, लालबुंद होते. "दोन्ही वेळा पुसलं."

"का?"

"संध्याकाळी जाळा लागते ना ते." तो दांड्याकडे बघत बोलत होता. "बाबाच्या गोष्टीचा राग आहे मले. राहीन अजून, किती दिवस ते नाही सांगता येत. पण तुमच्या तोंडाले काडी लावणं… ते नाही होत माह्याच्यानं. लय कोशिश केली."

समोरचा माणूस गर्दीची बोलणी खाऊन उभा होता, तिच्यासाठी, आणि तिने त्याला काय दिलं होतं?

"मला तुमच्याकडे बघायची लाज वाटते," ती कशीबशी म्हणाली.

"मंग नका पाहू." त्याने दांड्यावरचा एक हात सरकवून तिच्यासाठी जागा केली. "नुसत्या सोबत चाला."

तिने मान खाली घालूनच दांड्याला हात लावला. पुढे ढोल पुन्हा सुरू झाले, मागचे लोक "चला, चला" करून ओरडायला लागले, आणि दोघांनी मिळून ठेला ढकलला.